काकांचं कडं

डोणगाव, ५ जानेवारी २०२५

जयमाला बाई,

फोन तू करतं, पण मले काही समजत नाई. तीस वर्षं लेथपाशी उभं राहून दोन्ही कान गेले. मागच्या वेळी तू इचारलं काकूची तब्येत कशी हाय, अन् मी म्हटलं दोन ट्रॅक्टर उभे हायेत, उद्या देतो. आपली पोरगी वैष्णवी हसून हसून पडली. म्हणून आता कागदावर लिहितो. ती फोटो काढून धाडते. तू लिहिलं की मेहकरले कॉलेजात जाते तेव्हा छापून आणते. कागद हातात असला की मले कोणी बहिरा म्हणत नाई.

इथं दुकानात लोक इचारतात, गजेंद्र, तुही पुतणी इंग्लंडात करते काय? मी म्हणतो, शर्यतीच्या गाड्यायचे इंजिन. पुंजाजी म्हणते, मंग फिटरच झाली की, एवढं शिकून! त्याले काय उत्तर देऊ ते लिही. अन् वैष्णवीनं मोबाइलवर वाचलं की त्या गाड्यायच्या इंजिनात भारी धातू वापरायले बंदी हाय. चांगला माल असून वापरू नको म्हणणारा मालक मी तरी पाह्यला नाई. काऊन बंदी?

दुसरं. जाताना तुले तांब्याचं कडं देलं होतं, ते घालतं का पेटीत ठेवलं? ते तांबं मले जालन्याच्या भंगारात भेटलं. प्लास्टिकच्या वस्तू ओतायच्या साच्याचे तुटके ठोकळे होते, तीन पोते. तीन वर्षं झाले, वातासाठी त्याचेच कडे करून देतो, नारळ घेतो फक्त. केसरबाईच्या गुडघ्याची सूज उतरली, ती आता शेतात जाते. दोनशेच्या वर गेले असतील. तुह्या त्या मशीनवर ठेवून पाह्य, किती टक्के शुद्ध हाय. लोकायले सांगता येईल.

काका

*

नॉर्थम्प्टन, १२ जानेवारी

काका,

पुंजाजींना सांगा, मी फिटर नाही. इंजिन जोडणारे वेगळे लोक आहेत. त्यांच्या हातात भाग जाण्याआधी तो कोणत्या धातूचा आहे हे मी तपासते. नियमात बसत नसेल तर भाग परत जातो. फिटर असते तर पगार बहुधा बरा असता.

बंदीचं कारण साधं आहे. फॉर्म्युला वनच्या इंजिनात मॅग्नेशियमवर आधारलेले मिश्रधातू चालत नाहीत. प्लॅटिनम, इरिडियम, रेनियम यांसारखे धातू पाच टक्क्यांच्या वर चालत नाहीत. बेरिलियम नावाचा एक धातू आहे, ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि पोलादापेक्षा ताठ. तांब्याच्या मिश्रधातूत तो २.७५ टक्क्यांपर्यंत चालतो, इतर कशातही ०.२५ च्या वर नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याच्या मिश्रधातूचे पिस्टन वापरात होते. मग ते बंद झाले. एक कारण खर्चाचं, कारण शर्यत धातू विकत घेणाऱ्यांची होऊ नये. दुसरं कारण असं की त्याची धूळ माणसाच्या फुप्फुसाला वाईट.

म्हणजे मालक चांगला माल नाकारत नाही, सगळ्यांना एकाच मालावर आणतो. मला हे योग्य वाटतं. दुकानात काम शिकवताना तुम्हीही आम्हा सगळ्यांना एकच बोथट कानस देऊन बसवत होतात.

कडं पेटीत नाही, हातात असतं. काल जेवणाच्या सुट्टीत क्ष-किरणांच्या हातयंत्रासमोर धरलं. तांबं ९९.५ टक्के, कोबाल्ट ०.३, बाकी किरकोळ लोखंड. तांबं उत्तम आहे. वातावर त्याचा उपयोग होतो याला मात्र पुरावा नाही, हेही केसरबाईंना सांगा.

जयमाला

*

डोणगाव, २० जानेवारी

जयमाला बाई,

केसरबाईले सांगतलं. ती म्हणे, पुरावा माह्या गुडघ्यात हाय, ये म्हणावं पाह्यले.

तुह्या पत्राचा तो कागद मोठा करून आणला अन् लेथच्या वर लावला. ‘तांबं ९९.५ टक्के, तांबं उत्तम आहे, जयमाला, इंग्लंड’ एवढंच ठेवलं. पुराव्याचं कापलं, जागा नव्हती. खाली पेंटरकडून लिहून घेतलं, इंग्लंडच्या लॅबमधून तपासलेलं. बाजाराच्या दिवशी चौदा जण आले, त्यातले तीन मेहकरहून. एक मास्तर आला होता, त्यानं चष्मा काढून वाचलं अन् दोन कडे नेले. आता रोज काम सुरू हाय. मागच्या छपरीतली मोटर दिवसभर बंद होत नाई.

एक गोष्ट इचारू का, रागावू नको. शुद्ध तांबं मी लय कापलं. ते टूलाले चिकटते, ओढल्यासारखं निघते, पावाच्या ओल्या कणकेवाणी. हे तसं नाई. हे कडक हाय, कीस तुटून पडते, अन् कडं दाबून सोडलं की स्प्रिंगसारखं जागेवर येते. रंगही लालाच्या जागी सोन्याकडं जाते. ९९.५ टक्के तांब्याचं हे वागणं नाई. आता तुही मशीन खरी का माहा हात खरा?

दुकानातला इंद्रभान म्हणते, बहिऱ्याचे हात लय ऐकतात.

काका

*

नॉर्थम्प्टन, २९ जानेवारी

काका,

तुमचा हात खरा आहे. मी चुकले. कशी चुकले ते नीट लिहिते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे.

माझ्या हातातलं यंत्र फार हलके धातू पाहूच शकत नाही. जे दिसतं त्याचीच बेरीज शंभर करून दाखवतं. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. कामाचा भाग असता तर मी दुसरी चाचणी केल्याशिवाय सही केली नसती. कडं कामाचं नव्हतं, म्हणून ती चाचणी केली नाही. कोबाल्ट ०.३ दिसलं तेव्हाच थांबायला हवं होतं. नुसत्या तांब्यात ते कोणी मुद्दाम घालत नाही, एका ठरावीक मिश्रधातूत घालतात.

तुमचं पत्र आल्यावर कड्याचा बारीक तुकडा ओलाच कापला, आम्लात विरघळवला आणि दुसऱ्या यंत्रावर पाहिला. बेरिलियम १.८६ टक्के. साच्यांसाठी हा मिश्रधातू वापरतात, म्हणून ते ठोकळे भंगारात होते.

आता काय करायचं ते:

कडं घालण्यात धोका नाही. कोणाचं कडं काढून घेऊ नका, घाबरवू नका. धोका धुळीत आहे. कानस, पॉलिश पेपर, पॉलिशचं कापडी चाक यांपैकी काहीही त्यावर चालवू नका. उरलेली पोती तोंड बांधून बाजूला ठेवा. माझा कागद भिंतीवरून काढा.

आणि मला खरं सांगा. खोकला येतो का? जिना चढताना दम लागतो का? वजन कमी झालंय का? हा आजार हळू येतो, कधी कधी कित्येक वर्षांनी.

जयमाला

*

डोणगाव, २ फेब्रुवारी

जयमाला,

तूच लिहिलं होतं. तांब्याच्या मिश्रणात २.७५ पर्यंत चालते. पत्र माह्यासमोर हाय. माह्या तांब्यात १.८६. मंग जे जगातल्या सगळ्यात भारी गाडीच्या इंजिनात चालते ते डोणगावच्या केसरबाईच्या हातात काऊन चालत नाई? तिकडच्या लोकायले एक नियम अन् आमाले एक?

मले खोकला नाई. दम नाई. वजन उलट वाढलं, काकूले इचार. मी लेथवर तेल सोडून काम करतो, कीस ओला पडते, उडत नाई. तू शिकली तेव्हापासून तसंच.

कागद काढला तर लोक काय म्हणतील? पुतणीनं एकदा पास केलं, एकदा नापास? पुंजाजी तर टपूनच बसला हाय. तू तिकडं, मले इथं तोंड दाखवायचं असते. तुह्या शब्दावर लोक मेहकरहून आले. मी सगळ्यायले सांगतलं, माही पुतणी चुकत नसते.

चार दिवस थांबतो. तू अजून एकदा तपासून पाह्य.

काका

*

नॉर्थम्प्टन, ४ फेब्रुवारी

काका,

तीनदा तपासलं आहे. १.८६, १.८४, १.८७.

तो नियम शर्यतीचा आहे. इंजिनात कोणता धातू किती असावा एवढंच तो बघतो. २.७५ हा आकडा गाडीसाठी आहे, माणसासाठी नाही. इकडे असा भाग घासायचा असेल तर बंद पेटीत घासतात, हवा ओढून गाळतात, आणि घासणाऱ्याची दरवर्षी तपासणी होते. तो दुसरा नियम आहे, गाड्यांच्या पुस्तकात नाही. पहिल्या पत्रात मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. तीही माझी चूक धरा.

तुम्हाला खोकला नाही यावर माझा विश्वास नाही. रविवारी फोन केला तेव्हा काकू म्हणाली सगळं ठीक आहे, आणि फोन तुमच्याकडे देता देता मागे खोकला ऐकू आला. कोरडा, लांबलेला. मी मोजला नाही, पण तो बराच वेळ चालला. तुम्ही लपवता आहात.

कृपा करून छातीच्या डॉक्टरांकडे जा.

जयमाला

*

डोणगाव, ६ फेब्रुवारी

जया,

तुह्या काकाले न सांगता लिहून राह्यली. वैष्णवीले म्हटलं, बाबाले दाखवू नको.

तो खोकला माहा होता.

तुहे काका खोटं नाई बोलत. यायले खरंच काही होत नाई. हे लेथवर कडं कापतात अन् टोपलीत टाकतात. पुढचं मी करते. तीन वर्षांपासून. मागच्या छपरीत मोटर लावून देली हाय, तिच्यावर कापडाचं चाक. आधी पॉलिश पेपरनं घासते, मंग चाकावर धरते. कडं बाईच्या मनगटाले टोचलं नाई पाह्यजे ना. मधात फुंकून पाहते. संध्याकाळी पदरावर सोन्यासारखं बारीक पीठ बसलेलं असते, मी झटकून टाकते. वैष्णवी म्हणे, आई तू तर लक्ष्मी दिसतं.

खोकला दिवाळीच्या आधीपासून हाय. मी समजली सोयाबीनच्या भुशाचा हाय. मंग सोयाबीन निघालं, भुसा संपला, खोकला नाई संपला. आता पाण्याचा हंडा उचलला की बसा लागते. यायले सांगतलं नाई, कान नाई ना, यायले ऐकू येत नाई. रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन खोकलते.

यायले कळलं तर हे खचून जातील. मोटर यायनीच लावून देली होती, मले हातानं घासा लागू नये म्हणून. तू मले काय करायचं ते सांग, पण यायले नको सांगू.

कडे बंद केले तर लोकायले काय सांगायचं तेही सांग.

वंदना

*

नॉर्थम्प्टन, ६ फेब्रुवारी

काकू,

तुझं पत्र दुपारी मिळालं. लगेच लिहिते आहे.

आजपासून छपरीत जाऊ नकोस. तिथे कोणीही झाडू मारायचा नाही. काकांनी तोंडाला मास्क बांधून ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. घासताना नेसायचीस त्या साड्या वेगळ्या भिजव, झटकू नकोस. वैष्णवीनंही त्या खोलीत जायचं नाही.

डॉक्टरांकडे या आठवड्यात जा. छत्रपती संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात, छातीच्या डॉक्टरांकडेच. ते आधी टीबी म्हणतील, त्यात त्यांचा दोष नाही, दोन्ही आजार छातीच्या फोटोत सारखे दिसतात. सोबत एक कागद पाठवते, त्यावर धातूचं नाव, टक्के आणि तू तीन वर्षं घासलंस ते लिहिलं आहे; रोज किती तास, ते तू भर. तो त्यांच्या हातात दे. तोंडी सांगत बसू नकोस.

आता काकांचं. मी त्यांना सांगणार नाही, कारण ते सांगायचा हक्क तुझा आहे. पण तू सांगितलंच पाहिजेस. ते घरातून ती धूळ काढणार आहेत, बसनं तुला घेऊन जाणार आहेत, आणि पोती अजून त्यांच्या ताब्यात आहेत. न कळता ते यातलं काही करू शकत नाहीत. खचतील म्हणतेस, तर खचू दे. रविवारपर्यंत सांग. बोलून ऐकू जाणार नाही, तर माझ्यासाठी लिहिलंस तसं त्यांच्यासाठी लिही.

मी तुझा खोकला ऐकला आणि तो काकांचा धरून चालले. कोण घासतं हे एकदाही विचारलं नाही. त्या दुकानात मी चार सुट्ट्या काढल्या आहेत, छपरीत टोपली घेऊन जाताना तुला पाहिलं आहे. तरी विचारलं नाही.

जया

*

डोणगाव, २५ फेब्रुवारी

जयमाला बाई,

इतके दिवस लिहिलं नाई. 

तिनं जेवायच्या ताटाखाली चिठ्ठी ठेवली होती. वाचली. मंग छपरीत जाऊन मोटर काढली. लावताना मीच पाट्यावर बोल्ट कसले होते, इतके घट्ट की निघता निघेनात. काढायले दुपार गेली. तोंडाले बांधून, ओलं करून, तू सांगतलं तसं. पोते दोन पिपात टाकले अन् झाकण वेल्डिंगनं बंद केले. आता कोणी काढू म्हटलं तरी निघत नाई.

डॉक्टर आधी टीबीच म्हणाले. तुहा कागद देला तर खुर्चीवर सरळ बसले, दोन वेळा वाचला अन् दुसऱ्या डॉक्टरले बोलावून आणलं. फोटो काढला, नळीत फुंकायले लावलं. तिचा दम साठ टक्के उरला हाय. फुप्फुसात दाणे दिसतात म्हणे. पूर्ण बरं होईल असं सांगता येत नाई, पण धूळ थांबली तर वाढणं थांबू शकते. गोळ्या सुरू केल्या. माहा अन् वैष्णवीचाही फोटो काढला, दोघायचा साफ हाय. बसमध्ये ती म्हणे, तुमचा साफ निघाला हे बरं झालं. मले तर त्याचीच लाज वाटली.

भिंतीवरचा कागद काढला. लोकायले सांगतलं की माहीच चूक. पुतणीनं बरोबर लिहिलं होतं, मी अर्धंच वाचलं. पुंजाजी दुसऱ्या दिवशी घरून डबा घेऊन आला. केसरबाईले समजावलं की कडं घाल पण घासू नको, चिंच लावून फडक्यानं पूस. ती म्हणे, घासायले वेळ कोणाले हाय.

दोघं-तिघं मात्र कानशीनं आतून मोठं करून घेतात, हात सुजला की. त्यायच्या घरी जाऊन आलो. बाकी सगळ्यायपर्यंत कसं पोचावं कळत नाई. दोनशेच्या वर घरं. काही मेहकरची, काही तर कुठली हे मलेही माहीत नाई.

तुहं नाव कुठं आलं नाई. तू काळजी करू नको.

काका

*

नॉर्थम्प्टन, २८ फेब्रुवारी

काका,

माझं नाव आलं पाहिजे. मेहकरचे लोक तुमच्या नावावर आले नव्हते, माझ्या आकड्यावर आले होते. तुम्ही अर्धं वाचलं असं नाही, मी अर्धं तपासलं. तुम्ही चूक अंगावर घेतलीत तर मेहकरचे मास्तर म्हणतील, लेथवाला चुकला असेल, इंग्लंडची पोरगी तर उत्तम म्हणाली होती, आणि कडं कानशीनं घासतील.

कामावरही मी हे साहेबांना लेखी सांगितलं. हातयंत्राचा एकच आकडा घेऊन कोणीही सही करायची नाही, असं आता आमच्याकडे भिंतीवर लिहिलं आहे. खाली कारण म्हणून माझा दाखला आहे. दोन दिवस लोक माझ्याशी जरा जास्तच नम्रपणे बोलले.

काकूच्या तपासण्यांचे सगळे कागद मला पाठवा. इथे या आजाराचे एक जुने डॉक्टर आहेत, त्यांनी पाहायचं कबूल केलं आहे. एप्रिलमध्ये मी तीन आठवडे येते. तिकीट काढलं आहे, तेव्हा येऊ नको म्हणू नका.

खालचा मजकूर वेगळ्या कागदावर छापून घ्या. यातलं काहीही कापू नका. पहिला कागद होता त्याच जागी लावा, आणि बाजाराच्या दिवशी दुकानासमोर मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारे आपापल्या गावी सांगतील.

‘गजेंद्र यांच्या दुकानातून ज्यांनी कडं नेलं त्या सर्वांसाठी. मी जयमाला, त्यांची पुतणी. हे तांबं शुद्ध आहे असं मी जानेवारीत लिहिलं. ते चूक होतं. माझ्या यंत्राला जे दिसत नाही ते नाही असं मी धरलं. या कड्यात बेरिलियम आहे. घातल्यानं काही होत नाही. ते घासू नका, कापू नका, वितळवू नका. मोठं करायचं असेल, मोडायचं असेल, नको असेल, तर दुकानात परत आणून द्या. कोणी घासलं असेल आणि खोकला जात नसेल, तर छातीच्या डॉक्टरांना या धातूचं नाव सांगा. माझ्या काकूंनी ही कडी तीन वर्षं घासली. त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली आहे. ही कडी दुकान यापुढे करणार नाही.’

हे तुम्ही वाचू नका. वैष्णवीनंही नको. काकूची तयारी असेल तर तिनं वाचावं. एका दमात होणार नाही, ते मला माहीत आहे. दम लागेल तिथे तिनं थांबावं, बसून घ्यावं, पाणी प्यावं, आणि मग पुढचं वाक्य घ्यावं. मध्ये तिच्या हातून कागद घेऊ नका.

जयमाला